तोडचिठ्ठी आणि संगणकवाले



हंगाम तोंडावर आला की शेतकी ऑफिसच्या ओट्यावर एकच सवाल ऐकू येतो, "मना ऊस कवय तुटी?" या सवालाचे उत्तर यापुढे संगणक देणार आहे. ऊसनोंद, तोडणी कार्यक्रम, काट्यावरची वजनपावती आणि बिल हे सर्व काम नव्या प्रणालीवर घेण्याचे आपल्या कारखान्यात घाटत आहे. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी पुण्याहून येऊन बोलणी करून गेली. त्यांत दोन पोरे आपल्याच मुलखातली, एक पारोळ्याकडचा, एक शिरपूरकडचा. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु चार शब्द आताच बोललेले बरे, कारण मागचा अनुभव आपण विसरलेलो नाही.

मागे असाच एक प्रोग्रॅम आला होता. बॉयलर पेटला त्याच आठवड्यात तो सगळ्या गटांत एकदम चालू झाला. दोन-तीन महिने गेल्यावर कळले की नोंदीची तारीख हीच त्याने लागणीची तारीख धरली आहे. जुलैत आडसाली लावून ज्यांनी ऑक्टोबरात नोंद दिली, त्यांचा ऊस यादीत तीन महिने मागे गेला. ऊसाला तुरे आले, दशी पडली, वजन घटले. त्यात बरेचसे एक-दीड एकरवाले होते. मोठ्या बागाईतदाराला चेअरमनसाहेबांना फोन करता येतो, या बिचाऱ्यांना चिठ्ठीची वाट पाहण्यापलीकडे काय करता येते?

आम्ही चौकशी केली. प्रोग्रॅमवाले म्हणाले, आम्हांला छापील फॉर्म दिला, त्यात तारखेचा एकच रकाना होता. शेतकी खाते म्हणाले, आम्हांला कुणी विचारलेच नाही. ऑफिस म्हणाले, करारात लिहिले होते तसे काम झाले आहे. सगळे आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि ऊस मात्र फडात उभा होता. आमच्या मते हा दोष यंत्राचा नव्हता. चार खाती एकत्र बसली नाहीत, हा तो दोष.

गंमत अशी की, एकत्र काम कसे करावे याचा विचार या संगणकवाल्यांनीच पुष्कळ केला आहे. सन 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा प्रांतात स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी सतरा प्रोग्रॅमवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याचा मतितार्थ आपल्या भाषेत असा: करारनाम्याचा कीस काढण्यापेक्षा गिऱ्हाइकाबरोबर बसून काम करा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू दाखवा, आणि गरज बदलली तर बेत बदला. काम थोडे-थोडे करून दर दोन-चार आठवड्यांनी वापरणाऱ्याच्या हातात द्यायचे, म्हणजे चूक लहान असतानाच सापडते.

त्यांची दुसरी एक रीत जपानची. टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो या अभियंत्याने ती बसवली. पुढच्या खात्याला जितका माल लागेल तितक्याचीच चिठ्ठी मागच्या खात्याकडे जायची. चिठ्ठीशिवाय माल करायचा नाही. तिला कानबान म्हणतात. बंधूंनो, ही तर आपली तोडचिठ्ठी! गव्हाण दिवसाला जितका ऊस ओढते तितक्याच चिठ्ठ्या शेतकी खात्याने फाडायच्या. जास्त फाडल्या तर गाड्या यार्डात उभ्या राहतात, तोडलेला ऊस वाळतो, उतारा खाली येतो. अर्धवट प्रोग्रॅमचे तसेच आहे. दहा कामे सुरू आणि एकही पुरे नाही, तर तोही यार्डात वाळणारा ऊसच. ही गोष्ट आमच्या मुकादमाला कुणी शिकवावी लागत नाही.

आणखी एक. काम रखडले की आपण म्हणतो, माणसे वाढवा. आय.बी.एम. कंपनीत मोठ्या प्रोग्रॅमचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली पुस्तक लिहून सांगितले की, उशीर झालेल्या प्रोग्रॅमवर माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो. कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. गव्हाण एकच असताना टोळ्या दुप्पट आणल्या तर काय होते, ते आपण पाहिले आहे.

पण आम्हांस सर्वांत जवळचा दाखला वाटतो तो वारणेचा. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहात 1998 साली सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने कोल्हापूर-सांगली भागातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना निघाली. गावोगाव संगणक केंद्रे झाली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही त्यांतून मिळावे असा हेतू होता. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेची माणसे तेथे जाऊन बसली. त्यांना दिसले की केंद्रांचा मुख्य उपयोग ऊसाच्या कामापुरताच होतो: नोंद, तोडीचा परवाना, वजन, खत. तेवढ्याला संगणक कशाला? त्यांनी सात गावांत मोबाईलच्या एस.एम.एस.वर तेच काम करून पाहिले, आणि ते कमी खर्चात झाले. भले सल्ल्याच्या मोठमोठ्या गोष्टी असोत. सभासदाला हवे होते आपले वजन आणि आपला नंबर. ते कळायला कुणाला तरी गावात जाऊन बसावे लागले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. शिरपूरच्या त्या पोराला पुण्याच्या ऑफिसात बसवून फॉर्म पाठवू नका. त्याला आठ दिवस इथे ठेवा: दोन दिवस काट्यावर, दोन दिवस चिठ्ठीवाल्याच्या मागे मोटारसायकलवर, एक रात्र टोळीच्या कोप्यांवर. तो आपल्या भागातला आहे, भाकरीची पंचाईत पडणार नाही. पहिल्याने फक्त नोंद घ्या, तीही एकाच गटात, हंगाम सुरू होण्याआधी. छापील यादी गावच्या सोसायटीच्या फलकावर लावा आणि सभासदांना आपापली लागणीची तारीख वाचू द्या. चुका निघतील. निघू द्या. ती यादी दुरुस्त झाल्यावर दुसरा गट घ्या. वजन आणि बिलाचे काम नंतर. तोवर जुनी वही बंद करू नका.

यास वेळ लागेल, पुढचा हंगामही त्यात जाईल, असे ऑफिस म्हणते. जाऊ द्या. शेतकी खाते, काटा, बिल विभाग, प्रोग्रॅमवाले आणि दोन लहान सभासद अशी बैठक दर सोमवारी अर्धा तास भरवावी, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. लहान सभासद म्हणजे दोन एकरांच्या आतला, हे ठरावात लिहूनच ठेवले आहे. अनुमोदनासाठी आपल्या गटातून कोण उठणार, ते आधी कळवावे.