दुखऱ्या पायांना हालचालीची मात्रा

साठी ओलांडलेल्या मंडळींच्या तक्रारींमध्ये गुडघा आणि टाच यांचा क्रमांक फार वरचा आहे. तपासणी होते, एक्स-रे पाहिला जातो, आणि मग रुग्णासोबत आलेला मुलगा, मुलगी किंवा सून एक प्रश्न हमखास विचारते, ‘डॉक्टर, आता यांना पूर्ण विश्रांती द्यायची ना?’ या प्रश्नामागे माया असते, काळजी असते. तरीही बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. ते का, आणि विश्रांती नाही तर मग काय, हे आज पाहू.

दुखणाऱ्या अवयवाला स्वस्थ ठेवावे, ही आपली स्वाभाविक समजूत आहे. हाड मोडले, पाय मुरगळला, सांधा एकाएकी लाल होऊन सुजला, तर ती योग्यही आहे. मात्र महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्याचा न्याय निराळा. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि सांध्यावर भार पडला व उतरला की हा द्रव कूर्चेत आत-बाहेर खेळतो. पाण्यात बुडवलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तशी ही क्रिया असते. हालचाल थांबली की कूर्चेचे जेवणच थांबते, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी बाब स्नायूंची. चालताना, जिना उतरताना गुडघ्यावर येणारा भार मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू झेलत असतो. उतारवयात बसून राहिले की हा स्नायू पाहता पाहता रोडावतो. मग भार थेट सांध्यावर येतो, सांधा अधिक दुखतो, आणि दुखतो म्हणून माणूस आणखी बसतो. सुरुवातीला बाजारहाट सुटतो, नंतर देवळात जाणे सुटते, मग जिना नको वाटतो. शेवटी एक दिवस शौचालयातून आधाराशिवाय उठता येत नाही. सांध्याच्या दुखण्यापेक्षा हे परावलंबित्व ज्येष्ठांना अधिक बोचते. ते टाळणे हाच उपचाराचा खरा हेतू.

मात्रा कशी ठरवावी?

हालचाल हे औषध मानले, तर औषधाप्रमाणे तिलाही मात्रा हवी. कमी पडली तर गुण येत नाही, जास्त झाली तर त्रास होतो. ‘चालायला सांगितले’ म्हणून पहिल्याच दिवशी बागेला पाच फेऱ्या मारणारे आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरूण धरणारे आजोबा आपल्या परिचयाचे असतील. त्यांचे औषध चुकले नव्हते, मात्रा चुकली होती.

मात्रा मोजण्याची एक सोपी रीत आहे. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना दुखणे चारपर्यंत गेले तर घाबरू नये. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर उतरलेले असावे. उतरले असेल, तर मात्रा बरोबर आहे. चढलेलेच राहिले किंवा सांध्याला सूज आली, तर व्यायाम सोडू नका, पुढच्या खेपेला तो निम्मा करा. सलग २० मिनिटे चालवत नसेल, तर सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या कराव्यात. गुडघा वाकवताना नुसता कटकट आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर त्या आवाजाकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

टाचदुखी: सकाळचे पहिले पाऊल

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवताच टाचेत खिळा टोचल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती कमी होते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा येते. बहुसंख्य टाचदुखीचे हेच वर्णन असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पडदा पसरलेला असतो. पावलाची कमान तोलून धरणे हे त्याचे काम. वजन वाढणे, ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे, टणक फरशीवर अनवाणी वावरणे, पोटऱ्या आखडणे यांमुळे टाचेजवळ त्याला ताण बसतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, त्यामुळे हा पडदा आखडून राहतो. सकाळी त्यावर एकदम सारे वजन पडते, म्हणून ती कळ.

एक्स-रे काढला की अनेकांना ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे कळते आणि धास्ती बसते. हे वाढलेले टोक टाच मुळीच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही दिसते. तेव्हा दुखण्याचे खापर त्यावर फोडू नये, आणि ते कापून काढण्याचा विचारही करू नये. शस्त्रक्रियेविना बहुतेकांची टाच बरी होते. मात्र त्याला काही महिने, क्वचित वर्षही लागते. येथे चिकाटीला पर्याय नाही.

पुढील दोन व्यायाम रोज करावेत.

पहिला अंथरुणातच, पाय जमिनीवर टेकवण्यापूर्वी. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पायाची बोटे नडगीच्या दिशेने ओढा. तळपायात दोरी ताणल्यासारखे वाटेल. दहा अंक मोजेपर्यंत धरा, सोडा. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा करावे, पण सकाळची खेप चुकवू नये. पाय मांडीवर घेता येत नसेल, तर तो समोर सरळ ठेवून पंचा किंवा जुनी ओढणी चवड्याभोवती अडकवावी आणि दोन्ही हातांनी हळूहळू आपल्याकडे ओढावी.

दुसरा व्यायाम पोटरीचा. भिंतीला हात टेकून उभे राहा. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला पक्की टेकलेली. पुढचा गुडघा किंचित वाकवून भिंतीकडे झुका. मागच्या पोटरीत ताण जाणवला की ३० अंक मोजा. असे तीन वेळा.

याच्या जोडीला घरातही मऊ, टाचेला आधार देणारी चप्पल वापरावी. घरात अनवाणी राहण्याची आपली रीत चांगली असली, तरी टाच बरी होईपर्यंत घरासाठी वेगळी, स्वच्छ चप्पल ठेवण्यास हरकत नसावी. पूर्ण सपाट आणि झिजलेल्या चपला टाकून द्याव्यात. टाचेतील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळू शकतो, परंतु ते वारंवार घेतल्यास पडदा फाटण्याचा धोका असतो. ‘दर दोन महिन्यांनी एक घेऊन टाकतो’ असे कोणी ठरवू नये.

गुडघा: खुर्चीवरचा व्यायाम

गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात मांडीचा स्नायू बळकट करणे हा उपचाराचा गाभा आहे. त्यासाठी व्यायामशाळा नको, एक भक्कम, हात असलेली खुर्ची पुरे. ती भिंतीला टेकवून ठेवावी.

पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच अंक मोजा, सोडा. दहा वेळा.

खुर्चीत ताठ बसा. एक पाय गुडघ्यात सरळ करा, पाच अंक धरा आणि अगदी सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा.

मग सर्वांत उपयोगी व्यायाम, खुर्चीतून उठणे आणि बसणे. पाय जमिनीवर पक्के, अंग किंचित पुढे. प्रारंभी खुर्चीच्या हातांचा आधार घ्यावा, पुढे तो कमी करावा. खाली बसताना धपकन न बसता हळूहळू बसावे, कारण त्या उतरण्यातच स्नायू खरा घडतो. पाच वेळांपासून सुरुवात करून दहापर्यंत जावे.

कोणताही व्यायाम करताना श्वास रोखू नये. त्याने रक्तदाब चढतो. मोठ्याने अंक मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

शेवटी ओट्याला धरून एका पायावर दहा अंक उभे राहावे, मग दुसऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत असे म्हटले आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत पडणे टाळणे हे गुडघा बरा होण्याइतकेच मोलाचे आहे.

काठी घेण्याची लाज वाटू नये, पण ती योग्य हातात असावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. गुडघा फार दुखत असताना उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालणे तूर्त टाळावे, कमोडचा वापर करावा. वजन जास्त असेल तर ते थोडे जरी उतरले तरी मोठा लाभ होतो. शरीराचे एक किलो वजन घटले, की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

शेक, तेल आणि गोळ्या

सकाळचा ताठरपणा असेल तर व्यायामापूर्वी १० ते १५ मिनिटे ऊबदार शेक घ्यावा. सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे. तेलाच्या मालिशने बरे वाटते, अंग सैल होते. तो आनंद जरूर घ्यावा, पण व्यायामाच्या जागी तो चालत नाही. मधुमेही व्यक्तींनी विशेष जपावे. त्यांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे गरम पाण्याने पाय भाजला तरी कळत नाही. त्यांनी पावलांना गरम वा बर्फाचा शेक देऊ नये आणि रोज रात्री तळपाय व बोटांमधील जागा पाहावी, किंवा कोणाकडून पाहून घ्यावी.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणून रोज घेणे ज्येष्ठांसाठी धोक्याचे आहे. त्यांनी मूत्रपिंडांना इजा होते, जठरात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हातही लावू नये. गुडघ्यावर लावण्याचे वेदनाशामक मलम तुलनेने सुरक्षित असते. घटक न छापलेल्या ‘हमखास गुणाच्या’ पुड्यांपासून दूर राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्या बरेच दिवस घेत असाल, तर एकाएकी बंदही करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

केव्हा थांबावे?

सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पडल्यानंतर पायावर भार देता येईना, एकच पोटरी सुजून दुखू लागली, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, पावलावर न भरणारी जखम झाली, किंवा रात्री झोपेतून जाग आणणारे दुखणे सुरू झाले, तर व्यायाम थांबवून त्वरित तपासून घ्यावे. बोटांचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर तो झिजेचा संधिवात नसून आमवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात. हृदयविकार, तोल जाणे किंवा पूर्वीचा अस्थिभंग असेल, तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्यायाम शिकावा.

घरच्यांसाठी

‘आई, तुम्ही बसा, मी आणते’ हे वाक्य प्रेमाचे आहे, पण दिवसातून वीस वेळा उच्चारले की ते आईचे पाय दुबळे करते. पाण्याचा पेला त्यांना स्वतः उठून घेऊ द्या. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी घालणे अशी कामे त्यांच्याकडे राहू द्या. आपण वाट निर्धोक करावी. सरकणारी पायपुसणी उचलावीत, न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. व्यायामाच्या वेळी शेजारी बसून अंक मोजावेत. ज्येष्ठ मंडळी व्यायाम सोडतात, त्यामागे आळसापेक्षा एकटेपणाच अधिक वेळा असतो.

आज एक नोंद करा. छातीवर हात घडी करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता-बसता येते, ते मोजा. जवळ कोणीतरी उभे असावे. हात लागत असतील तर ते लावून मोजा आणि तसे लिहा. हा आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आजच्या चौकोनात टिपून ठेवा आणि दर पंधरवड्याला, हा अंक हाती आला की, पुन्हा मोजा. पहिल्या पंधरवड्यात फार फरक दिसणार नाही, कारण स्नायूंना बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुखणे रोज वर-खाली होत राहील. त्याने खचू नये. आकडा एकाने जरी वाढला, तरी मात्रा लागू पडते आहे असे समजावे.