हाताला लागते तेवढेच जग

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे नोंदली होती. अंधबधिरत्व त्यांत नव्हते. २०१६ च्या कायद्याने बहुविकलांगतेत त्याचा स्पष्ट समावेश केला. कागदावरची उपेक्षा अशी संपली. वर्गातली?

दृष्टी व श्रवण दोन्ही हरपलेल्या बालकाचे जग हाताला लागते तेवढेच. जेवणाची वेळ झाली हे त्याला कळावे म्हणून रोज, जेवणापूर्वी, तोच चमचा त्याच्या हाती द्यावा लागतो. चमचा म्हणजे जेवण, हे उमगायला महिने लागू शकतात. पण तो त्याचा पहिला शब्द असतो. चाळीस मुलांच्या वर्गात हे घडणे नाही. त्यासाठी मुलाच्या हातावर हात ठेवणारा प्रशिक्षित शिक्षकच हवा. मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ पासून याच कार्यात आहे. अशा संस्था मोजक्याच.

शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र व बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. तो निवडण्याचा अधिकार मुलाचा आहे, शाळेची सुटका नव्हे. शाळेने दार लावून घेतले आणि शिक्षकही घरी फिरकला नाही, तर उरतात केवळ आईचे हात. आणि तो चमचा कसा द्यायचा, हे तिलाही कोणी शिकविलेले नसते.