गारगोटीतला अकीक

उन्हाळ्यात माजलगाव धरणाचे पाणी मागे सरले की काठावर गोट्यांचे लांबलचक पट्टे उघडे पडतात. तेलगावकडची मुले सुट्टीत तिकडे गेली की खिसे जड करून परततात. मग घरोघरी तोच वाद. अम्मी म्हणते हा कचरा बाहेर टाक, दादी म्हणते राहू दे, पोर खेळतंय. आणि दोन दिवसांनी ते दगड न्हाणीपाशी नाहीतर कुंडीत जाऊन पडतात. या महिन्यात त्या दगडांची बाजू मांडायची आहे.

त्या ढिगात बहुतेक काळा पाषाणच असतो. पण मधूनच एखादी गारगोटी निघते. मेणासारखी, धुरकट पांढरी, कधी मधासारखी पिवळी, कधी कलेजीच्या रंगाची. उन्हात धरली तर कडेने उजेड आत शिरतो. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर मारल्या तर ठिणगी दिसते आणि जळका वास येतो, हा खेळ तुम्हीही लहानपणी खेळला असाल. याच दगडाची चांगली जात म्हणजे आपल्या घरांत अंगठीमुळे ठाऊक असलेला अकीक.

मराठवाड्याचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून आलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरावर थर बसत गेली. अकीकवरचे पट्टे म्हणजे हेच थर. नंतर ऊन-पावसाने काळा खडक कुजून त्याची काळी माती झाली, पण आतली गाठ कुजली नाही. ती ओढ्यांनी सिंदफणेत आणली, सिंदफणेने घासून गोल केली. म्हणजे पॉलिशचे अर्धे काम नदीने आधीच करून ठेवलेले असते.

हा माल आपल्या मुलखाचा आहे, याला जवळपास दोन हजार वर्षांचा दाखला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने बंदरांची माहिती नोंदवून ठेवली. त्या ग्रंथाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. पैठणहून भडोचला गाड्या भरून काय जात होते? अकीकच्याच कुळातला पट्टेदार दगड. पैठण आणि तेर यांच्या मधला मुलूख म्हणजे आपला बीड जिल्हा. तेरच्या शासकीय संग्रहालयात, जे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिले, त्या काळचे दगडी मणी पाहायला मिळतात. धाराशिवकडे लग्नाला जाणे झाले तर मुलांना तासभर तिकडे न्या.

यावरून एक सूचना. भोक पाडलेला जुना मणी सापडला, विशेषतः गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर, तर तो घासू नका. त्याची किंमत त्याच्या जुनेपणात आहे. जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. धरणात बुडालेल्या गावांच्या भिंती कधी उघड्या पडल्या तर तिथल्या कबरस्तानातला, देवळाचा किंवा घराचा दगडही उचलू नये. कुणाचे तरी आजोबा तिथे आहेत. गोटे खिशात मावतील एवढेच आणा. ट्रॅक्टर भरून आणलेत तर तो गौण खनिजाचा मामला होतो. आणि काठावरचा सुकलेला दिसणारा गाळ खाली ओला असतो, पाय रुततो, म्हणून मुलांना मोठ्या माणसाशिवाय सोडू नका.

घरी आणल्यावर निवड करा. चाकूच्या टोकाने ओरखडा पडला तर तो दगड मऊ, बाजूला ठेवा. सिरक्याचे दोन थेंब टाकून बारीक बुडबुडे आले तर ती चुनखडीच्या जातीची. काचेच्या तुकड्यावर जो दगड स्वतः ओरखडा उठवतो, तो कामाचा. कठीणपणाच्या १ ते १० या मोजपट्टीवर अकीक साडेसहा ते सातच्या दरम्यान बसतो, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. मऊ आणि कठीण दगड एका ड्रममध्ये घातले तर मऊ दगडाचे पीठ होते. तडे असलेला दगडही नको, तो आत फुटतो आणि त्याच्या धारेने बाकीच्यांना चरे पडतात.

ड्रम म्हणजे दीड-दोन किलो दगड मावतील असा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. आतून स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे रबर लावा, म्हणजे आवाज आणि आपट दोन्ही कमी. हा डबा दोन रुळांवर आडवा ठेवायचा आणि लहान मोटरने मिनिटाला तीस ते पन्नास फेरे फिरवायचा. जास्त वेगाने दगड आपटून फुटतात. साखर कारखान्याच्या गावात असा सांगाडा जोडून देणारा वेल्डिंगवाला शोधावा लागत नाही. मोटर पाण्यापासून लांब ठेवा आणि अर्थिंगची तार जोडल्याशिवाय प्लग लावू नका.

डबा दोन तृतीयांश दगडांनी भरायचा, लहान-मोठे मिसळून. वरच्या थराच्या जरा खाली राहील इतके पाणी. मग कार्बोरंडम पावडर, दीड किलो दगडांना चार मोठे चमचे. पहिला आठवडा जाड, ८० नंबरची. दुसरा २२० नंबरची. तिसरा ६०० नंबरची. चौथ्या आठवड्यात सेरियम ऑक्साइड, जे काच पॉलिश करणारे वापरतात. डबा रात्रंदिवस फिरतो. चाळीस वॅटची मोटर चार आठवड्यांत साधारण २७ युनिट वीज खाते. लोडशेडिंगने मधे थांबला तरी बिघडत काही नाही, तेवढे तास पुढे वाढवायचे. दिवसातून एकदा झाकण उघडावे, आत वायू साठतो.

खरी कसोटी धुण्यात आहे. दर आठवड्याला दगड, डबा आणि झाकणाची खाच ब्रशने धुवायची. जाड पावडरचा एक कण पुढच्या पायरीत गेला तर आठवडा वाया. घाई करणाऱ्याचे दगड ओले असेपर्यंतच चमकतात. धुतलेला गाळ मोरीत ओतू नका, तो सिमेंटसारखा बसतो आणि मग अब्बांना प्लंबर शोधावा लागतो. खड्ड्यात ओता.

महिनाभराने हातात येतो तो दगड कुणी बाजारातला समजेल. अंगठीची हौस असेल तर ओळखीच्या सोनाराकडून चांदीत बसवून घ्या. रसूलुल्लाह (स.) यांच्या चांदीच्या अंगठीचा खडा हबशी होता, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे, आणि तो अकीक किंवा जज़अ असावा असा खुलासा इमाम नववी यांनी दिला आहे. पण अकीकने गरिबी जाते, बरकत येते, अशा ज्या रिवायती खड्यांच्या दुकानात ऐकवल्या जातात, त्या हदीसच्या जाणकारांनी कमजोर, काही तर बनावट ठरवल्या आहेत. शिवाय अकीकला सूक्ष्म छिद्रे असतात, त्याला रंग चढवता येतो. ‘यमनी’ म्हणून मिळणारा लालभडक खडा पाहताना हे ध्यानात असू द्या. अल्-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी रत्नांवर अख्खी किताब लिहिली, तीत वजन आणि पाण्याच्या हिशेबाने दगड पारखले. आमच्याकडे अजून नशिबाच्या हिशेबाने घेतात.

या धंद्याचे मोठे ठिकाण गुजरातेतले खंभात. भडोचजवळच्या रतनपूरला अकीकच्या खाणी आणि बाबा घोर यांचा दर्गा आहे. हबशातून आलेल्या या बुजुर्गांनीच अकीकचा धंदा उभा केला, असे तिथले सिद्दी लोक सांगतात. खंभातमध्ये पूर्वी दगड, कुरुंदाची भुकटी आणि पाणी चामडी पिशवीत भरून दोन माणसे समोरासमोर बसून ती पंधरवडाभर इकडून तिकडे लोळवत. आपला ड्रम म्हणजे तीच पिशवी.

पण खंभातमध्ये दुसरेही काम चालते, दगड चाकावर कोरडा घासण्याचे. त्यातून उडणारी सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते. ती फुप्फुसात बसते आणि तिथे व्रण होतात. या आजाराचे नाव सिलिकोसिस. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कारागिरांत तो नोंदवला आहे. त्यावर औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयही लवकर गाठतो. घरात बसून घासणाऱ्याची धूळ बायको-मुलांच्याही श्वासात जाते.

म्हणून आपल्या घरी ग्राइंडरने दगड कोरडा घासायचा नाही, एकदाही नाही. ओल्या ड्रममधून धूळ उडत नाही. सांडलेला गाळ सुकण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर छंदवाली मुले जेवढी आहेत, तेवढेच फरशी आणि ग्रॅनाइट कापणारे आपले भाऊ आहेत. पांढऱ्या धुळीत न्हाऊन, तोंडाला रुमाल बांधून ते कामावरून घरी येतात. साध्या रुमालातून ही धूळ आरपार जाते. कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली की बहुतेक धूळ जागीच बसते. त्यासाठी एक नळी, एक बाटली आणि दुसऱ्या हाताला एक पोरगा एवढेच लागते. पाणी सोडायचे तर विजेची गळती रोखणारा ब्रेकर बसवलेला हवा. खोकला दोन आठवडे टिकला तर डॉक्टरांना छातीचा फोटो काढायला सांगा, आणि काम काय करता हे त्यांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा.