आजोळच्या विहिरीची वही



पर्यावरणशास्त्र किंवा भूशास्त्र शिकणारी मुले हल्ली घरोघरी आहेत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: इंटर्नशिप कुठे करायची? २०२२ च्या डिसेंबरात यूजीसीने आखलेल्या नव्या पदवी अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक आहेत. चौथ्या वर्षी संशोधन करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे हौसेची गोष्ट आता निकालपत्रात आली.

मोठी नावे आधी सांगतो. गोव्यात दोन राष्ट्रीय संस्था आहेत. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे. वास्कोला सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या तळांचे काम तिथूनच चालते. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे आणि जुन्या गोव्यात शेती संशोधनाची केंद्रीय संस्था. देशपातळीवर तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचे आणि वर विद्यावेतनही मिळते. तिचे अर्ज आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. मार्चमध्ये जाग येणाऱ्यांची गाडी तोवर सुटलेली असते.

या अर्जात शिक्षकांचे शिफारसपत्र लागते आणि तुम्हाला काय करायचे आहे याचे छोटे टिपणही. टिपण लिहिताना बहुतेकांची गाडी अडते. ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ हे वाक्य शास्त्रज्ञाने शंभरदा वाचलेले असते. त्याला पाहायचे असते, की या मुलाने स्वतःहून काही मोजले आहे का. मोजण्यासारखे बरेच काही आपल्या मयेत आहे.

लोककथेतल्या सात बहिणींपैकी मयेची महामाया, मुळगावची केळबाई आणि शिरगावची लईराई यांची गावे एकमेकांना लागून आहेत. याच पट्ट्यात लोहखनिज आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २०२२ च्या अखेरीस नवे लिलाव झाले. त्यांत डिचोली आणि शिरगाव-मये हे पट्टे होते. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले.

आता विहिरीकडे येऊ. आपल्याकडे वरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि विहिरींना, झऱ्यांना मिळते. खाली भुसभुशीत खनिजाचा थर असतो, त्यातही पाणी असते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्डाच एक प्रचंड विहीर होतो. काम चालू ठेवायला तिथले पाणी पंपाने उपसावे लागते आणि आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरू शकते. पण ‘उतरू शकते’ आणि ‘उतरली’ यांत फरक आहे. पाऊस कमी झाला असेल, शेजाऱ्याने बोअर मारली असेल. नक्की काय झाले हे सांगायला आधीची नोंद हवी, आणि ती बहुतेक घरांत नसते. आजी सांगते, ‘पूर्वी मे महिन्यातही पाणी हाताला लागायचे.’ आजी खरेच सांगत असते, पण तिचे सांगणे जनसुनावणीत आकड्यांपुढे टिकत नाही.

आकडे कुठून येतात तेही पाहा. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाला पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. त्यासाठीची मोजमापे बऱ्याचदा पावसाळा सोडून एका हंगामाचीच असतात. विहिरीचे वर्ष मात्र बारा महिन्यांचे असते. पेडण्यात मोपा विमानतळाचे उदाहरण ताजे आहे. अहवालात आसपासची वने आणि संवेदनशील परिसर यांची माहिती नीट दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्याची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली. जानेवारी २०२० मध्ये ती अटींसह पूर्ववत झाली. सगळा वाद कागदावर काय नोंदले आणि काय नाही, यावर होता.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये, मग ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत. आपण गावाबाहेर स्थायिक झालेली माणसे घरी कधी जातो? मेच्या सुट्टीत, चवथीला, दिवाळीच्या पुढेमागे आणि जमल्यास नाताळ-नववर्षाला. वेळापत्रक जवळजवळ तयारच आहे!

वजन बांधलेली मोजपट्टी घ्या. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंतची खोली मोजा. सकाळी, पंप लावण्याआधी मोजा. सोबत मोठे कोणीतरी असू द्या आणि मालकाची परवानगी घ्या. दहा विहिरी निवडा, काही खाणीजवळच्या आणि काही लांबच्या. दोन्हींची तुलना केल्याशिवाय पावसाचा परिणाम आणि खाणीचा परिणाम वेगळे कळणार नाहीत. तारीख, वेळ, खोली, फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश असे साधे तक्ते ठेवा. माझ्या धंद्यातला एक नियम इथेही लागू आहे: जुना आकडा कधी पुसू नका, दुरुस्ती नव्या ओळीत करा.

एका वर्षाच्या नोंदीने काही सिद्ध होणार नाही. खाणीचा दोष नाही, असेही कदाचित निघेल, आणि ते निघाले तर तसेच लिहायचे. डिचोलीत एकाच घराचा ट्रक खाणीवर आणि त्याच घराची विहीर खाणीच्या कुशीत, अशी उदाहरणे आहेत. त्या घराला घोषणा देणाऱ्यापेक्षा खरे मोजणारा माणूस जास्त उपयोगी पडेल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. बऱ्याच इंटर्नशिप बिनपगारी असतात. पणजीत खोली घेऊन दोन महिने राहणे मयेच्या किंवा विर्नोड्याच्या मुलाला परवडेलच असे नाही. विहिरीच्या वहीला भाडे लागत नाही. वर्षाच्या नोंदी घेऊन साखळी किंवा विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयातल्या आपल्या शिक्षकांकडे जा आणि मग शास्त्रज्ञांना दहा ओळींचे पत्र लिहा. पहिल्या ओळीत आवड नको, विहिरींची संख्या आणि महिने लिहा.

पालकांनाही एक विनंती. यंदा गावी जाताना मुलांच्या बॅगेत एक मोजपट्टी टाका. कुठली विहीर कधी खोदली, कुठला झरा कधी आटला, हे सांगणारी माणसे अजून घरात आहेत, तोवर त्यांचे बोलणेही वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्या.