वणव्याची नोंद आणि पुराची सूचना

2025 च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम व परांडा या तालुक्यांवर झालेला पर्जन्याचा प्रकोप वाचक विसरले नसतील. टंचाईग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात, परांड्याच्या पुरात अडकलेल्यांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर आणावे लागले! तो पूर वणव्यामुळे आला, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु दुष्काळी मुलखालाही पुराच्या पूर्वसूचनेची गरज असते, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले.

बालाघाटाच्या उतारांवर उन्हाळ्यात वाळलेले गवत पेटते. कधी ते निष्काळजीपणाने पेटते, तर कधी नवे गवत जोमाने येईल या समजुतीने पेटविले जाते. हे आच्छादन गेले की थेंब सरळ मातीवर आदळतो, राखेने मातीची छिद्रे बुजतात आणि मुरावयाचे पाणी ओढ्याकडे धाव घेते. म्हणून गवत पुन्हा रुजेपर्यंत रोहिणी-मृगाच्या जोरदार सरीच अधिक धोक्याच्या. कॅलिफोर्नियातील माँटेसिटोच्या माथ्यावरील डोंगर 2017 च्या डिसेंबरात जळाले. 2018 च्या 9 जानेवारीस तेथे पाच मिनिटांत सुमारे अर्धा इंच पाऊस झाला आणि चिखलाच्या लोंढ्याने 23 बळी घेतले. आमचे डोंगर तितके उभे नाहीत हे खरे. पण पाण्याचा न्याय सर्वत्र सारखाच.

2024 च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-3डीएस हा उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरांवरून ढगांवर पाळत ठेवतो. तथापि तो पाऊस मोजत नाही. ढगमाथ्याच्या तापमानावरून त्याचे अनुमान बांधावे लागते. खालचा उतार हिरवा आहे की काळा, हे त्या अनुमानात येत नाही. ते दुसरे उपग्रह टिपतात, आणि डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यावरून वणव्यांची वर्दी देते. आकस्मिक पुराच्या मार्गदर्शनाची व्यवस्थाही हवामान खात्याने 2020 मध्ये सुरू केली आहे.

मग करावयाचे काय? आमच्या मते, जळालेल्या उतारांचा नकाशा वनखात्याने मेअखेर वाशीच्या तहसीलदारांच्या हाती द्यावा. त्या उतारांखालील ओढ्यांसाठी इशाऱ्याची पर्जन्यमर्यादा त्या वर्षापुरती कमी धरावी. आणि इशारा पोलीस पाटलांमार्फत ओढ्याकाठच्या घराघरांत रात्रीही पोहोचावा. यासाठी नवा उपग्रह नको की मोठा खर्च नको. दोन खात्यांनी एकमेकांचे कागद वेळेवर वाचणे तेवढे हवे. आकाशातील डोळा कितीही तीक्ष्ण असला, तरी दार ठोठावणारा हात जमिनीवरचाच असावा लागतो. तो हात सिद्ध ठेवणे हे शासनाचे कर्तव्य होय.