वाटेवरची रणतीर्थे

मराठी मध्यमवर्ग आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवास करू लागला आहे. काशी-रामेश्वर ही एके काळी आयुष्यातून एकदा घडणारी यात्रा होती. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत लेह-लडाख, सिमला-मनाली, सिंगापूर, युरोप अशा सहली घराघरांत ठरतात. या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेतरी एका ओळीत ‘युद्धस्मारक, अर्धा तास’ असा उल्लेख असतो. त्या अर्ध्या तासात बस थांबते, छायाचित्रे निघतात, एखादी घोषणा दिली जाते, चहा होतो आणि बस पुढच्या सरोवराकडे निघते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि, ज्या भूमीवर माणसे आपल्यासाठी देह ठेवून गेली, त्या भूमीशी समाजाचे नाते काय, हे त्या अर्ध्या तासात कळते. आज ते जेवढे कळते, तेवढे समाधानकारक नाही.

लडाखचेच उदाहरण घ्यावे. पँगाँग सरोवराचे निळे पाणी पाहावयास जाणाऱ्यांपैकी अनेक जण आता चुशूलच्या वाटेने पुढे जातात. तेथे रेझांग ला येथील वीरांचे स्मारक आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी पहाटे १३ कुमाऊँ पलटणीच्या ‘चार्ली’ कंपनीवर चिनी सैन्य लाटांमागून लाटांनी चालून आले. उंची सोळा हजार फुटांहून अधिक, थंडी हाडे गोठविणारी, हातात जुन्या .३०३ रायफली आणि मध्ये डोंगर आडवा आल्यामुळे आपल्या तोफखान्याचे साहाय्य अशक्य. मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखालील सुमारे १२० जवानांपैकी ११४ जण धारातीर्थी पडले. हे जवान प्रामुख्याने हरियाणाच्या सपाट मैदानातील अहीर शेतकऱ्यांची मुले होती. हिमालयातील असा हिवाळा त्यांच्या गावांनी कधी पाहिलेला नव्हता.

या कथेचा उत्तरार्ध अधिक अंतर्मुख करणारा आहे. जे मोजके जवान जिवंत परतले, त्यांनी सांगितलेली लढाईची हकिकत प्रथम कोणाला खरी वाटेना. एवढी लहान तुकडी शेवटच्या गोळीपर्यंत लढली, यावर विश्वास ठेवण्याची त्या पराभूत हिवाळ्यात कोणाची मनःस्थिती नव्हती. फेब्रुवारी १९६३ मध्ये एका मेंढपाळाच्या दृष्टीस ती ठाणी पडली आणि शोधपथक वर गेले. तेव्हा जवानांचे देह आपापल्या मोर्चांमध्ये, शस्त्रे हातात धरलेल्या स्थितीत गोठलेले आढळले. वैद्यकीय मदतनिसाच्या हाती इंजेक्शनची सुई तशीच होती. मेलेल्यांनीच जिवंतांची साक्ष खरी ठरविली. मेजर शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मूळ स्मारकाचा विस्तार होऊन नवे स्मारक १८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

१९६२ हे साल उच्चारले की आपल्या मनात केवळ पराभव उभा राहतो. तो पराभव दिल्लीतील राज्यकर्त्यांच्या भाबड्या परराष्ट्रनीतीचा आणि सैन्याच्या गरजांकडे झालेल्या दुर्लक्षाचा होता. त्याची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये सादर झाला, परंतु तो पूर्णपणे जनतेसमोर ठेवण्याचे धैर्य पुढील अनेक दशके कोणत्याही सरकारने दाखविले नाही. सरकारच्या पराभवात सैनिकाचा पराक्रमही पुरला गेला, हे त्याहून मोठे दुर्दैव. चुशूलच्या स्मारकापाशी उभे राहिले की या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. रणभूमीवर प्रत्यक्ष जाण्याचा हा पहिला लाभ होय.

मराठी भाषेने तर एका रणभूमीचे नावच पराभवाला देऊन टाकले आहे. व्यापार बुडाला, निवडणूक हरली, मुलगा परीक्षेत नापास झाला, की आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो. दिल्लीहून सिमला-मनालीकडे निघालेली मराठी कुटुंबे ज्या महामार्गाने जातात, त्याच मार्गावर पानिपत लागते. शहरापासून काही किलोमीटरवर काला अंब येथे स्मारक आहे. येथील आम्रवृक्ष रणात सांडलेल्या रक्ताने काळवंडला, अशी लोककथा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्यासह मराठ्यांची एक संपूर्ण पिढी या परिसरात कापली गेली. महाराष्ट्रात घरटी माणूस गेला, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. असे असूनही बहुतेक गाड्या येथे वळत नाहीत, थेट पुढच्या धाब्यावर थांबतात.

वळल्या, तर त्या म्हणीचा उरलेला अर्धा भागही मुलांना सांगता येईल. युद्ध जिंकूनही अब्दालीला दिल्लीत पाय रोवता आले नाहीत. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. ज्या समाजाचे असे ‘पानिपत’ झाले, तो दहा वर्षांत पुन्हा उभा राहिला. हे भाषेच्या लक्षात राहिले नाही, कारण समाजाच्या लक्षात राहिले नाही. पराभवाचा शब्द आपण जपला आणि पुनरुत्थानाला शब्दच दिला नाही.

दूर उत्तरेकडे जाण्याचीही गरज नाही. मुंबईहून कोकणात जाणारी वाहने माणगावच्या कोंडीत तासन् तास अडकतात. त्याच माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. याच तालुक्यातील हा बावीस वर्षांचा तरुण पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात मशिनगनच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतील सर्व सहकारी मृत वा जायबंदी झाले. तेव्हा तो एकटाच त्या मशिनगनवर धावून गेला, ती निकामी केली आणि नंतर शत्रूच्या गोळ्यांनी कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील माँटोने या लहानशा गावाने जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाने छायाघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. सहा हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या गावाला त्याचे नाव ठाऊक आहे. माणगावच्या कोंडीत अडकलेल्यांपैकी कितींना ते ठाऊक असेल?

येथे एक आक्षेप घेतला जातो. हे सैनिक इंग्रजांच्या सैन्यात होते, साम्राज्यासाठी लढले. मग त्यांचा अभिमान राष्ट्राने का बाळगावा? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. साम्राज्याने या तरुणांचा वापर केला, हे सत्य आहे. पदके देणाऱ्याचा हेतू राष्ट्रभक्तीचा नव्हता, हेही सत्य आहे. परंतु शौर्य पदक देणाऱ्याचे नसते, ते गाजविणाऱ्याचे असते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने भाले घेऊन मशिनगनच्या तोंडावर चढाई केली आणि हैफा शहर जिंकले. मेजर दलपतसिंग शेखावत त्या दिवशी धारातीर्थी पडले. दिल्लीतील तीन मूर्ती हे स्मारक त्याच घोडदळाचे आहे. मात्र त्या चौकाशी हैफाचे नाव जोडले जाण्यास २०१८ साल उजाडावे लागले. तोवर पिढ्यान् पिढ्या तो चौक पंतप्रधानांच्या जुन्या निवासस्थानाचा चौक म्हणूनच ओळखला गेला. परकी सत्ता गेली तरी परक्या सत्तेने झाकलेली स्मृती आपोआप उघडी होत नाही. ती हाताने उघडावी लागते.

स्मारकाचे सामर्थ्य मित्रापेक्षा शत्रूला अधिक कळते, याचा पुरावा सिंगापूरमध्ये आहे. मर्लायनच्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढणारा मराठी पर्यटक तेथून चालत एस्प्लनेडच्या उद्यानात जाऊ शकतो. ८ जुलै १९४५ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेच्या अज्ञात सैनिकाच्या स्मारकाची कोनशिला तेथे बसविली. दोन महिन्यांत जपान शरण गेला, इंग्रज परतले आणि त्यांनी सर्वप्रथम जी कामे केली, त्यांत ते स्मारक पाडून टाकणे हे एक होते. युद्ध संपले होते, सेना विखुरली होती, तरीही दगडांच्या एका चौथऱ्याचे भय वाटावे, यातच सर्व आले. १९९५ मध्ये सिंगापूरने त्या जागी स्मृतिफलक उभारला. तो पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, फक्त तो तेथे आहे हे माहीत असावे लागते.

गेल्या काही वर्षांत शासनाच्या पातळीवर चित्र बदलले आहे, हे आनंदाने नमूद करावयास हवे. पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांसाठी इंग्रजांनी इंडिया गेट बांधले. स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये त्याच कमानीखाली अमर जवान ज्योत पेटविली. परंतु स्वतःच्या हुतात्म्यांची नावे एकत्र कोरलेले राष्ट्रीय समरस्मारक राजधानीत उभे राहण्यास २५ फेब्रुवारी २०१९ ही तारीख यावी लागली. ज्या छत्रीखाली एके काळी पंचम जॉर्जचा पुतळा होता, तेथे २०२२ पासून नेताजी उभे आहेत. सीमेवरील रणभूमी पर्यटकांना खुल्या करण्यासाठी संरक्षण खात्याने २०२५ च्या जानेवारीत ‘भारत रणभूमी दर्शन’ हा उपक्रमही आरंभिला.

परंतु याच टप्प्यावर सावध होण्याची आवश्यकता आहे. विस्मृती जशी उपेक्षेतून येते, तशीच ती गर्दीतूनही येते. द्रासच्या स्मारकामागे तोलोलिंगचे शिखर उभे आहे. जून १९९९ मध्ये ते परत मिळविताना किती तरुणांनी प्राण दिले, हे तेथील जवान येणाऱ्यांना सांगतो. तो बोलत असताना पाठ फिरवून स्वतःचे चित्रीकरण करणे, नावांच्या भिंतीला टेकून हास्यविनोद करणे, प्लास्टिकच्या बाटल्या टाकून जाणे, हे ‘भारत माता की जय’ म्हटल्याने धुऊन निघत नाही. घोषणा स्वस्त असते. ११४ नावांतील एक नाव पूर्ण वाचून, तो कोणाचा मुलगा असेल याचा क्षणभर विचार करणे याला थोडी किंमत मोजावी लागते. राष्ट्रभक्तीचा वारसा सांगणाऱ्या कुटुंबांवर आणि कार्यकर्त्यांवर तर ही जबाबदारी दुप्पट आहे, कारण त्यांच्याकडे पाहूनच इतर शिकणार.

वस्तुतः हे संस्कार या भूमीला नवे नाहीत. महाराष्ट्राच्या गावोगावी, देवळाच्या आवारात वा पिंपळाच्या पारावर वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत या वीराची कीर्ती राहो, ही त्या शिल्पातली प्रतिज्ञा. बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर तर चक्क नौकांचे युद्ध कोरलेले आहे. गाव वाचविताना, गुरे सोडवून आणताना मेलेल्या सामान्य माणसासाठीही गावाने दगड घडविला, त्याला दिवा लावला. आज त्यांतील कित्येक दगड पायरीला लागले आहेत, कित्येक मातीत अर्धे गाडले गेले आहेत आणि काहींवर धुणी धुतली जातात. आपल्याच पूर्वजांनी केलेली प्रतिज्ञा आपणच मोडीत काढीत आहोत.

म्हणून आरंभ घरापासून व्हावा. सहलीला निघण्यापूर्वी वाटेवर कोणती रणभूमी आहे, हे आई-वडिलांनी मुलांना सांगावे आणि शक्य तर त्या लढाईविषयी काही वाचून जावे. स्मारकापाशी अर्ध्या तासाऐवजी दोन तास द्यावेत. एखादे दुकान कमी पाहिल्याने सहल अपुरी राहत नाही. प्रवासी संस्थांना तसा आग्रह ग्राहकांनीच धरावा. स्थानिक शाखांनी, मंडळांनी आणि शाळांनी आपल्या पंचक्रोशीतील वीरगळ शोधावेत, त्यांची नोंद व स्वच्छता करावी. महायुद्धाला गेलेल्यांचे फलक, हुतात्मा जवानांचे पुतळे यांच्याशी वर्षातून एकदा तरी गाव गोळा करावा. आणि ज्या घरातील मुलगा परत आला नाही, ते घर तालुक्यात कोठे आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. त्या घरी दिवाळीला जाऊन येणे, हेही एक तीर्थाटनच आहे.