भांडण मोठ्यांचं, खेळ मोडला मुलींचा

ताश्कंद म्हटलं की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. जानेवारी १९६६ मध्ये करारावर सही केली आणि ते तिथेच गेले, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलंय. मला मात्र हल्ली ताश्कंद म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या मुलींचा एक फुटबॉल संघ त्या शहरात उतरला आणि एकही सामना न खेळता परत आला. हरून नव्हे, न खेळता!

मैत्रिणींनो, फुटबॉल हा काही आपल्या हळदीकुंकवात निघणारा विषय नाही. माझाही त्याच्याशी संबंध रात्री जागणाऱ्या मुलाला "अरे, टीव्हीचा आवाज कमी कर" म्हणण्यापुरताच. पण हा किस्सा त्याच्याच तोंडून ऐकला आणि वाटलं, अगं बाई, हे तर आपल्या गावातही होतं की.

हा संघ होता गोकुलम केरळ, कोझिकोडचा. आपल्याकडे मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली तीच मुळी २०१६-१७ च्या हंगामात. मे २०२२ मध्ये भुवनेश्वरला गोकुलमच्या मुलींनी ती लीग जिंकली. अकराच्या अकरा सामने जिंकले, शेवटी तमिळनाडूच्या सेतू एफसीला ३-१ असं हरवलं. कर्णधार होती मणिपूरची आशालता देवी. आपल्या देशाच्या संघाचीही कर्णधार तीच.

देशात पहिला आलेला क्लब आशियाई क्लब स्पर्धेत खेळतो. आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, या मुली जॉर्डनच्या अकाबा शहरात खेळून आल्या होत्या. पहिले दोन सामने हरल्या, पण तिसऱ्यात उझबेकिस्तानच्या बुन्योदकोर क्लबला त्यांनी ३-१ ने हरवलं. म्हणजे पाणी किती खोल आहे ते एकदा बघून झालं होतं. आता २०२२ चा हंगाम. सामने उझबेकिस्तानातल्या कार्शी शहरात होते. २३ ऑगस्टला तिथल्याच सोग्दियाना क्लबशी आणि २६ ऑगस्टला इराणच्या बाम खातूनशी. बाम म्हणजे २००३ च्या भूकंपात जमीनदोस्त झालेलं शहर. तिथल्या मुलीही खेळायला येणार होत्या.

१६ ऑगस्टच्या सकाळी आपल्या मुली ताश्कंदला उतरल्या आणि कळलं, की जागतिक संघटना फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलंय. महासंघच निलंबित, मग त्याचा कुठलाही संघ परदेशात खेळू शकत नाही. सामान अजून उघडलेलंही नाही आणि स्पर्धा संपली!

असं झालं तरी काय होतं? सोपं करून सांगते. महासंघाचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्रातलेच प्रफुल्ल पटेल. त्यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, पण संघटनेच्या घटनेचा वाद न्यायालयात आहे म्हणून निवडणूक झाली नाही. अखेर १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मंडळींना दूर करून प्रशासक समिती नेमली. आपल्याकडे पतसंस्थेवर प्रशासक बसतो ना, तसंच. फिफाचा नियम असा, की संघटनेच्या कारभारात बाहेरच्या कुणी हात घालायचा नाही. न्यायालयाने नेमलेली समितीसुद्धा त्यांच्या लेखी बाहेरचीच. म्हणून ही बंदी.

गोकुलमने पंतप्रधानांना पत्र लिहिलं. क्रीडा मंत्रालयाने फिफाला आणि आशियाई महासंघाला विनंती केली, की या मुली पोचल्याच आहेत तर त्यांना खेळू द्या. उपयोग झाला नाही. २२ तारखेला न्यायालयाने प्रशासक समिती मागे घेतली आणि बंदी उठली २६ ऑगस्टला. बरोबर त्याच दिवशी, ज्या दिवशी बाम खातूनशी सामना व्हायचा होता. अकरा दिवसांत सगळं सुरळीत झालं. पुढे २ सप्टेंबरला निवडणूक होऊन नवे अध्यक्षही आले.

आता बघा हं, नुकसान नेमकं कुणाचं झालं? ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता. भुवनेश्वर, मडगाव आणि आपली नवी मुंबई. तो वाचला. पुरुषांच्या मोहन बागान क्लबचा आशियाई सामना ७ सप्टेंबरला होता, तोही वाचला. ते खेळले, हरले, पण खेळले तर खरं! गेला तो फक्त या मुलींचा हंगाम. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तारखाच तशा पडल्या. पण त्याच वर्षी जानेवारीत बायकांची आशियाई चषक स्पर्धा आपल्या नवी मुंबईत, मुंबईत आणि पुण्यात होती. इराणशी ०-० अशी बरोबरी करून सुरुवात झाली, आणि मग संघात कोरोना पसरला. २३ जानेवारीला तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात, म्हणून स्वतःच्याच घरात भारत स्पर्धेबाहेर गेला. एकाच वर्षात दोनदा मुलींचा घास तोंडापर्यंत येऊन परत गेला.

आणि योगायोग कसा असतो पाहा. मनीषा कल्याण ही पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातली मुलगी. तीही याच गोकुलमची, पण त्याच उन्हाळ्यात सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली होती. १८ ऑगस्ट २०२२ रोजी ती युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये मैदानात उतरली. तिथे खेळणारी पहिली भारतीय! म्हणजे परक्या क्लबकडे गेलेली आपली लेक खेळत होती आणि भारताच्या नावावर गेलेल्या तिच्या मैत्रिणी हॉटेलात बसून होत्या.

फिफाचा नियम वाईट आहे, असं काही मी म्हणणार नाही. खेळाच्या संघटना सरकारच्या खिशात जाऊ नयेत म्हणूनच तो आहे. न्यायालयाचंही चूक म्हणवत नाही. मुदत संपली तरी खुर्ची रिकामी होत नसेल तर कुणीतरी बोलायलाच हवं. पण मग शिक्षा खुर्चीवाल्यांना करा ना! त्यांना सभेला बोलवू नका, पैसे रोखा. खेळाडूंना का? आणि असा मार्ग काढता येतो. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेवरही अशीच बंदी आली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकला बंदी अजून उठलेली नव्हती, तरी आपला शिवा केशवन बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरला. तिरंगा नव्हता, पण खेळायला तर मिळालं. मग ताश्कंदला पोचलेल्या मुलींना का नाही?

हे मला एवढं का लागलं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या मुलींबरोबर मी काम करत होते. त्यांचा कबड्डीचा संघ तालुक्यात पहिला आला. पुढे जिल्ह्याला जायचं, तर संस्थेत दोन गट. अर्जावर सही कुणी करायची यावरून वाद. सही झाली तेव्हा मुदत संपून गेलेली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी जातील की." पण त्या दहावीतल्या मुली होत्या. त्यांना पुढचं वर्ष नव्हतं. त्यातल्या एकीचं बारावी व्हायच्या आत लग्न ठरलं. मागे बाजारात भेटली, कडेवर लेकरू. म्हणाली, "काकू, आपण जिल्ह्याला गेलो असतो तर जिंकलो असतो ना?" मी काय उत्तर देणार?

मुलाची संधी हुकली तर घरचे म्हणतात, होईल पुन्हा. मुलीला मात्र संधी मोजून मापून मिळते. इतकी वर्षं खेळ, मग बास. त्यातला एक हंगाम गेला तर तो भरून येत नाही. पुढे भारताच्या मुली या स्पर्धेत परत गेल्याच. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या वुहान शहरात कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्याच बाम खातूनला ३-१ असं हरवलं. ऐकून फार आनंद झाला. पण तो संघ वेगळा, ते वर्ष वेगळं. अकराच्या अकरा जिंकून गेलेल्या त्या मुलींचा २६ ऑगस्ट त्यांना कुणी परत दिला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगणं आहे. फिफा आपल्या हातात नाही, पण महिला मंडळ, बचत गट, शाळेची समिती तर आहे? तिथली निवडणूक वेळेवर घ्या. मुदत संपली की खुर्ची सोडा, आणि शेजारची सोडत नसेल तर गोड बोलून का होईना, सोडायला लावा. "कागदपत्रांचं काय ते साहेब बघतील" असं म्हणून मोकळ्या होऊ नका. शाळेत मुलींचा संघ जिंकून आला की पेढे वाटण्याआधी एवढं विचारा, पुढचा अर्ज कधी जायचाय आणि सही कुणाची राहिलीय? विचारायला आपलं काही जात नाही. नाही विचारलं तर कुणाचं तरी वर्ष जातं.